दार उघडावे की आदेश मागावा? : साथीच्या काळातील अधिकारांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. भाडेकरार, वारस नोंदी मागे पडतात आणि डेंग्यू, अतिसार, महापालिकेच्या नोटिसा पुढे येतात. या वेळी नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा निवडली आहेत. सर्वांच्या मुळाशी शंका एकच आहे : आरोग्य खात्याचा माणूस आपल्याला नेमके काय करायला लावू शकतो, आणि कशाच्या बळावर? विनंतीनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही सिडकोत तळमजल्यावर राहतो. एका दुपारी मी घरात एकटी असताना डासांच्या अळ्या तपासणारे महापालिकेचे दोन कर्मचारी आले. त्यांनी अंगणातल्या ड्रममध्ये बॅटरीचा उजेड टाकून अळ्या दाखवल्या आणि भरलेला ड्रम तिथेच उपडा केला. नंतर फ्रिजच्या मागचा ट्रे पाहण्यासाठी घरात येतो म्हणाले. मी नको म्हटल्यावर ‘कारवाई होईल’ असे सांगून गेले. त्यांना असा अधिकार आहे का? — एक गृहिणी, सिडको

उत्तर : अधिकार आहे, पण आपण वर्णन केले आहे त्या पद्धतीने तो संपूर्णपणे वापरता येत नाही. आधी त्याचे कारण पाहू, कारण ते समजले की कायद्याची रचनाही समजते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही, तो घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ड्रमच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती अंडी ड्रम कोरडा पडला तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी पुन्हा चढले की साधारण आठ-दहा दिवसांत त्यांतून डास बाहेर पडतो. हा डास फार लांब उडत नाही, त्यामुळे तो चावतो तो आपल्याला, आपल्या मुलांना आणि शेजारच्या दोन-चार घरांना. म्हणूनच आपल्या अंगणातला ड्रम ही केवळ आपली खासगी बाब आहे असे कायदा मानत नाही. (नुसते पाणी ओतून भागत नाही, हेही यातून लक्षात यावे. ड्रमची आतली बाजू काथ्याने घासून, उन्हात वाळवून मगच पुन्हा भरावा. पाणी ओतून देणाऱ्या कर्मचाऱ्यांनी हे सांगायला हवे होते.)

नाशिक महानगरपालिकेला हा अधिकार 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातून मिळतो. पूर्वी हाच कायदा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जात असे. डासांची पैदास होईल अशा पाण्याचा बंदोबस्त करायला लावणे, त्यासाठी नोटीस देणे आणि जागेची तपासणी करणे हे अधिकार आयुक्तांना आहेत आणि ते आपल्या अधिकाऱ्यांमार्फत ते वापरतात. यासाठी साथ जाहीर व्हावी लागत नाही. हे बारमाही अधिकार आहेत. मात्र राहत्या घरात शिरण्याच्या अधिकाराला त्याच कायद्याने अटी घातल्या आहेत. सर्वसाधारणपणे प्रवेश सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच करायचा, राहणाऱ्याची संमती नसेल तर आधी सूचना द्यायची, घरातील स्त्रियांना दुसरीकडे जाण्यास अवसर द्यायचा आणि कुटुंबाच्या सामाजिक व धार्मिक रूढींचा मान राखायचा, अशा त्या अटी आहेत.

आपल्या प्रसंगाला हे लावले तर असे दिसते की अंगणातला ड्रम तपासणे योग्य होते, त्याबद्दल नोटीसही देता आली असती. पूर्वसूचना नसताना, घरात एकट्या असलेल्या स्त्रीने नको म्हटल्यावर आत न जाणे हेही योग्यच होते. चुकली ती कारवाईची भाषा, कारण पहिल्या भेटीत संमती नाकारणे हा गुन्हा नाही. रीतसर सूचना मिळाल्यानंतरही अडवणूक केली, तर मात्र लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम 221 लागू शकते. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. ओळखपत्र पाहणे, महिला कर्मचारी सोबत आणण्यास सांगणे, दंड भरल्यास पावती घेणे हा आपला हक्क आहे. तरीही माझे मत विचाराल तर फ्रिजचा ट्रे दाखवून टाकावा. त्या ट्रेमधले वाटीभर पाणी घरात कुणाच्याच लक्षात येत नाही, आणि अळ्या नेमक्या तिथे असतात.

प्रश्न : 2020 साली माझ्या वडिलांना ताप नसताना, केवळ शेजारी रुग्ण निघाला म्हणून, एका शाळेत उभारलेल्या विलगीकरण केंद्रात नेण्यात आले. भावाच्या हातावर शिक्का मारला आणि आमच्या दारावर कागद चिकटवला. हे सर्व 1897 च्या इंग्रजांच्या कायद्याखाली झाले असे सांगितले गेले. तो कायदा आजही चालतो का? उद्या पुन्हा साथ आली आणि आम्ही नकार दिला, तर आरोग्य अधिकारी आम्हाला उचलून नेऊ शकतात का? — एक सेवानिवृत्त कर्मचारी, नाशिकरोड

उत्तर : तो कायदा आजही चालतो. साथरोग अधिनियम 4 फेब्रुवारी 1897 रोजी झाला. मुंबईत 1896 च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेग ओळखला गेला, काही महिन्यांत तो रेल्वेच्या मार्गाने पसरू लागला आणि सरकारने घाईघाईने जेमतेम चार कलमांचा हा कायदा केला. त्याच्या आधारे पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने सोल्जरांकरवी घरे तपासली, माणसे छावणीत नेली, सामान जाळले. त्यातून जे घडले ते महाराष्ट्राला पाठ आहे. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, 10 मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि त्यात त्यांचा अंत झाला. रुग्णाला वेगळे ठेवण्याची गरज सावित्रीबाईंनाही मान्य होती. त्यांनी आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी रुग्णांना गावाबाहेरच्या दवाखान्यातच आणले होते. विलगीकरण दोन्हीकडे होते, पण एकीकडे माणसाला फरफटत नेले जात होते आणि दुसरीकडे पाठीवर घेऊन. मला हा फरक आजही या कायद्याची कसोटी वाटतो.

आता कायद्याचे शब्द पाहू. कलम 2 नुसार राज्यात किंवा त्याच्या एखाद्या भागात धोकादायक साथीचा रोग पसरला आहे किंवा पसरण्याची भीती आहे, आणि प्रचलित कायद्यांच्या सर्वसाधारण तरतुदी त्यासाठी अपुऱ्या आहेत, अशी राज्य सरकारची खात्री झाली पाहिजे. मगच सरकार जाहीर सूचनेद्वारे तात्पुरते नियम करू शकते आणि ते राबवण्याचा अधिकार कुणालाही देऊ शकते. प्रवाशांची तपासणी करणे आणि तपासणी अधिकाऱ्याला ज्यांना लागण झाल्याचा संशय आहे अशांना रुग्णालयात, तात्पुरत्या जागेत किंवा अन्यत्र वेगळे ठेवणे, याचा त्या कलमात स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या वडिलांना ताप नव्हता तरी त्यांना नेता आले, याचे कारण या ‘संशय’ शब्दात आहे. महाराष्ट्राने 14 मार्च 2020 रोजी कोविडसाठी असे नियम काढले आणि जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त यांना अधिकार दिले. त्या नियमांपूर्वी आणि त्यांच्याशिवाय कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याला केवळ स्वतःच्या पदाच्या जोरावर कुणाला उचलून नेता आले नसते. अधिकार माणसाकडे नसतो, त्याच्या हातातल्या कागदात असतो. हा कागद म्हणजे राजपत्रातील नियम आणि त्याखालचा लेखी आदेश, ज्यावर कोणासाठी, कोठे, किती दिवस आणि कोणत्या तरतुदीखाली हे लिहिलेले असते.

नकार दिल्यास काय, हा आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. कलम 3 नुसार नियम मोडणे म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम 188 चा गुन्हा. 1 जुलै 2024 पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे आता तो संदर्भ कलम 223 असा वाचावा लागतो. शिक्षाही वाढली आहे. पूर्वी जास्तीत जास्त सहा महिने कैद व 1,000 रुपये दंड होता, आता मानवी जीविताला किंवा आरोग्याला धोका झाल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. विलगीकरणाचा नियम जाणूनबुजून मोडण्यासाठी कलम 273 वेगळे आहे आणि आजार पसरेल असे निष्काळजी वर्तन करण्यासाठी कलम 271. मात्र कलम 223 च्या गुन्ह्याची दखल न्यायालय पोलिसांच्या नुसत्या अहवालावरून घेऊ शकत नाही. ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला गेला त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार करावी लागते. कोविडच्या काळात दाखल झालेल्या असंख्य गुन्ह्यांमध्ये हा मुद्दा पुढे आला आणि माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात तर तोंडी आदेश मोडल्याचा आरोप होता. मूळ आदेशच कागदावर नव्हता.

प्रत्यक्ष उचलून नेण्याचे काम आरोग्य अधिकारी करत नाही. त्याला अटकेचा अधिकार नाही. तो पोलिसांची मदत घेतो. त्या क्षणी दारात हुज्जत घालणे धोक्याचेच आहे. आदेशाची प्रत मागावी, मिळाली नाही तर आदेश क्रमांक व अधिकाऱ्याचे पद लिहून घ्यावे, घरच्या एकाने त्याच दिवशी आयुक्त किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्यावी. वडिलांचे वय, मधुमेह, चालू औषधे यांचा त्यात उल्लेख असावा, कारण घरात स्वतंत्र खोली व स्वच्छतागृह असेल तर गृह विलगीकरण मागण्याचा तोच आधार ठरतो. सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल कलम 4 अधिकाऱ्यांना दाव्यापासून संरक्षण देते, पण राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग त्याने बंद होत नाही.

दारावरच्या कागदाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 9 डिसेंबर 2020 रोजी स्पष्ट केले की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम प्राधिकाऱ्याने तसा निर्देश दिलेला असल्याशिवाय रुग्णाच्या घरावर असे फलक लावता येणार नाहीत. आपल्या दारावर तो लागला तेव्हा हा निर्णय आलेला नव्हता, पण पुढच्या वेळी तो आपल्या बाजूने असेल.

जाता जाता या कायद्यातली मोठी उणीवही सांगायला हवी. ‘धोकादायक साथीचा रोग’ म्हणजे काय, याची व्याख्याच त्यात नाही. विलगीकरण किती दिवस, त्यावर अपील कोणाकडे, नेलेल्या माणसाच्या जेवणाचे आणि बुडालेल्या मजुरीचे काय, यावरही तो गप्प आहे. खर्च कोणी सोसायचा हे सरकारने ठरवावे एवढेच तो म्हणतो आणि नुकसानभरपाईपुढे ‘असल्यास’ असा शब्द जोडतो. विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 च्या आपल्या 286 व्या अहवालात या कायद्यातील त्रुटी दाखवून एकतर त्यात मोठ्या दुरुस्त्या कराव्यात किंवा नवा सर्वंकष कायदा करावा, अशी शिफारस केली आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याला चौदा दिवस घरात बसा असे सांगणाऱ्या कायद्याने त्या चौदा दिवसांची चूलही पाहिली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी सातपूरमध्ये छोटा दवाखाना चालवतो. कारखान्यांतील कामगार माझे रुग्ण आहेत. क्षयरोगाच्या रुग्णांची नावे आरोग्य विभागाला कळवावी लागतात हे मला माहीत आहे, पण आता एका कारखान्याचे व्यवस्थापकही ‘साथीचा प्रश्न आहे’ म्हणून नावे मागत आहेत. — एक डॉक्टर, सातपूर

उत्तर : आरोग्य विभागाला कळवा, व्यवस्थापकांना कळवू नका. क्षयरोग कळवणे 7 मे 2012 च्या केंद्र सरकारच्या आदेशाने बंधनकारक झाले आणि 16 मार्च 2018 च्या अधिसूचनेने डॉक्टरांबरोबर प्रयोगशाळा व औषध विक्रेत्यांनाही त्यात आणले. हयगय केल्यास जुन्या दंड संहितेची कलमे 269 व 270, म्हणजे आजच्या संहितेची 271 व 272, लावण्याची तरतूद त्यात आहे. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर आपण नोंद करता तेव्हा रुग्णाच्या विश्वासाचा भंग होत नाही, कारण डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहिता नियमांनी गोपनीयतेला जे मोजके अपवाद दिले आहेत त्यात अधिसूचित रोगांचा समावेश आहे. कारखान्याचा मालक त्या अपवादात कुठेही बसत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 चा स्वतंत्र कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, संमतीशिवाय चाचणीलाही मनाई करतो आणि त्या माहितीचे संरक्षण अधिक कडक करतो. व्यवस्थापकांना खरोखर काळजी असेल तर त्यांनी महापालिकेच्या क्षयरोग विभागाला पत्र देऊन सर्वच कामगारांच्या तपासणीचे शिबिर मागावे. त्यात कुणाचेही नाव वेगळे काढावे लागत नाही.

प्रश्न : आमच्या पाड्यावर अतिसाराची लागण झाली. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी विहिरीचे पाणी पिऊ नये असे पत्र ग्रामपंचायतीला दिले. विहिरीला लाल कार्ड होतेच. पण दुसरे पाणी दीड किलोमीटरवर, ओहोळाचे. बायका पुन्हा त्याच विहिरीवर जातात आणि त्यांना अडवायला गेलेल्या आशा ताईंना शिवीगाळ झाली. विहीर बंद करण्याचा अधिकार कोणाचा? — ग्रामपंचायत सदस्य, पेठ तालुका

उत्तर : आपले पत्र वाचून मी बराच वेळ थांबलो. बाकीच्या पत्रांत अधिकार जास्त वापरला गेल्याची तक्रार आहे, आपल्या पाड्यावर तो अर्धाच वापरला गेला आहे.

ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि त्यांच्या हाताखाली तालुका आरोग्य अधिकारी साथीच्या नियंत्रणाचे काम पाहतात. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळे, हिरवे कार्ड ग्रामपंचायतीला दिले जाते आणि सलग पाच वर्षे साथ न आलेल्या गावाला चंदेरी. लाल कार्ड हे बंदीचे फर्मान नाही. ते धोक्याची नोंद आहे आणि त्यावर उपाय करण्याचे काम ग्रामपंचायतीकडे येते, कारण पिण्याच्या पाण्याचा पुरवठा आणि त्याचे शुद्धीकरण हे ग्रामपंचायत अधिनियमाने तिच्यावर टाकलेले कर्तव्य आहे. म्हणजे पहिला प्रश्न आपल्याच सभेत विचारा : टीसीएल (ब्लीचिंग) पावडर शेवटची कधी टाकली, आणि पाण्यातला क्लोरिन पाहण्याच्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीची वही कोणाकडे आहे? पावडर टाकून तासाभराने घेतलेल्या पाण्यात ओटीचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तरच त्यात क्लोरिन शिल्लक आहे. पांढरेच राहिले तर पावडर कमी पडली किंवा डबा उघडा राहून तिचा जोर गेला. बहुतेक पाड्यांवर दुसरे कारण निघते. ग्रामपंचायत कार्यालयाच्या कोपऱ्यात पावसाळी हवेत तोंड उघडे असलेली गोणी मी स्वतः पाहिली आहे. ती हाताला दमट लागत होती आणि तिला वासही उरला नव्हता.

विहीर खरोखर बंद करावी लागली, तर आरोग्य अधिकाऱ्याच्या पत्राने काम भागत नाही. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाला ये-जा नियंत्रित करण्याचे, साधनसामग्री ताब्यात घेण्याचे व मदत पुरवण्याचे व्यापक अधिकार आहेत. तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांमार्फत तिकडे प्रस्ताव पाठवा आणि त्याच प्रस्तावात टँकरची मागणी करा. एकाच कागदावर दोन्ही लिहा. पर्यायी पाणी दिल्याशिवाय विहीर बंद करणे कायद्याच्या शब्दांत बसले तरी डोक्यावर हंडा असलेल्या बाईच्या आयुष्यात बसणार नाही, आणि ती ऐकणार नाही.

आशा ताईंबद्दल. साथरोग अधिनियमात 2020 मध्ये जी दुरुस्ती झाली आणि जी 22 एप्रिल 2020 पासून लागू मानली जाते, तिच्यात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या व्याख्येत सामुदायिक आरोग्य कार्यकर्तेही आहेत. साथीच्या काळात त्यांच्यावर हिंसा केल्यास तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड, गंभीर दुखापत झाल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद आणि 1 लाख ते 5 लाख रुपये दंड आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे. काम करण्यापासून रोखणे आणि राहण्या-वावरण्यावर परिणाम होईल असा छळ करणे हेही या ‘हिंसे’त येते. पण हा कायदा साथीच्या काळापुरता आहे. एरवी रुग्णालये व तेथील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा 2010 चा कायदा आहे, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पाड्यावरच्या बायकांवर गुन्हा नोंदवावा असे मी मुळीच सुचवत नाही. आशा ताई एकट्या विहिरीवर जाणार नाहीत, सोबत सरपंच आणि एक ग्रामपंचायत सदस्य, म्हणजे आपण, असाल एवढे मात्र बघा.

प्रश्न : माझी पंचवटीत खाण्याची गाडी आहे. परिसरात गॅस्ट्रोचे रुग्ण वाढल्याने ती बंद करायला सांगितले गेले. कागद काही दिला नाही. किती दिवस बंद ठेवायची? — एक व्यावसायिक, पंचवटी

उत्तर : बंद करायला सांगणारे महापालिकेचे होते की अन्न व औषध प्रशासनाचे, हे आधी शोधा, कारण दोघांचे कायदे वेगळे आहेत. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 34 नुसार आरोग्याला तातडीचा धोका असल्यास पदनिर्देशित अधिकारी नोटीस देऊन अन्नसुरक्षा आयुक्तांकडून बंदीचा आदेश मिळवू शकतो. म्हणजे इथेही कागद लागतोच. सुधारणा केल्या की आपण बंदी उठवण्याच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. त्यावर सात दिवसांत प्रमाणपत्र देणे आणि समाधान नसल्यास दहा दिवसांच्या आत कारणे कळवणे त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. महापालिकेने सांगितले असेल तर विभागीय कार्यालयात लेखी आदेशाची प्रत मागा. तोवर गाडी सुरू करू नका. आपल्या पाण्याच्या पिंपाचा नमुना तपासून घेतलात तर अर्जासोबत जोडायला उपयोगी पडेल.

प्रश्न : मार्च 2021 मध्ये मेन रोड आणि इतर बाजारपेठांत शिरताना तासाभरासाठी 5 रुपयांची पावती घ्यावी लागे आणि वेळ उलटली तर 500 रुपये दंड होता. साथीच्या नावाखाली असे पैसे घेता येतात का? तसेच 2027 च्या सिंहस्थात लस घेतल्याशिवाय रामकुंडावर येऊ देणार नाही असे ठरले तर ते कायदेशीर असेल का? — एक कापड व्यापारी, मेन रोड

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की गर्दी रोखणे हा एक अधिकार आहे आणि पैसे आकारणे हा दुसरा. बाजाराच्या वेळा ठरवणे, माणसांची संख्या मर्यादित करणे, एकेरी मार्ग करणे हे सारे साथीच्या नियमांत बसते. कर किंवा शुल्क घ्यायचे तर कायद्यात त्याला स्पष्ट आधार लागतो. कर केवळ कायद्याच्या अधिकारानेच बसवता येतो, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 265 सांगतो. त्या दिवसांत रुग्ण झपाट्याने वाढत होते आणि हेतू प्रामाणिक होता याबद्दल मला शंका नाही, परंतु 5 रुपयांनी ज्याला थांबवता येते तो भाजी घ्यायला आलेला हमाल असतो, मोटारीतून येणारा नव्हे. गर्दी मोजून कूपन द्यायचे होते तर ते विनामूल्यही देता आले असते.

दुसरा प्रश्न येत्या काळाचा आहे आणि त्यावर न्यायालयांनी बरेच सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 च्या जेकब पुलियेल प्रकरणात म्हटले की शरीराची स्वायत्तता अनुच्छेद 21 मध्ये, म्हणजे जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्कात, येते, त्यामुळे कुणावरही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. त्याच निकालात न्यायालयाने हेही मान्य केले की सार्वजनिक आरोग्यासाठी लस न घेतलेल्यांवर काही निर्बंध घालता येतील, मात्र ते प्रमाणशीर हवेत आणि त्यामागे त्या वेळचा वैज्ञानिक आधार हवा. म्हणजे सुई टोचण्याची सक्ती नाही, पण ठिकाणी येण्यावर अट शक्य आहे, आणि ती टिकेल की नाही हे त्या लसीने संसर्ग कितपत रोखला जातो यावर ठरेल. केवळ स्वतःचे रक्षण करणारी लस असेल तर अशी अट टिकणे मला कठीण वाटते.

शिवाय आदेश काढण्याची पद्धतही तपासली जाते. मुंबईत लस न घेतलेल्यांना लोकल प्रवासास मनाई करणारे राज्याच्या मुख्य सचिवांचे 2021 चे आदेश आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांतील कार्यपद्धती न पाळता काढले गेले, असे मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये म्हटले होते. तिथे अडचण विषयाची नव्हती, तो निर्णय कोणी आणि कसा घेतला याची होती. सिंहस्थासाठी असे काही करायचे असेल तर आपत्ती व्यवस्थापनाच्या समितीत चर्चा, कारणांची नोंद, राजपत्रात नियम आणि देशाच्या इतर भागांतून निघालेल्या यात्रेकरूला घरून निघण्यापूर्वी कळेल इतकी आगाऊ जाहिरात, हे सर्व आताच सुरू करावे लागेल. नाशिकरोड स्थानकात उतरलेल्या माणसाला तिथे अट सांगण्यात काही अर्थ नाही. तो परत जाणार नाही आणि त्याला ठेवायला तिथे जागाही नसेल. गोदाकाठी गोळा होणाऱ्या लाखो माणसांसाठी खरी भीती आजही पाण्यातून येणाऱ्या रोगांची आहे, आणि त्यावर आयुक्त व जिल्हाधिकाऱ्यांना नवा कोणताच कायदा लागणार नाही. प्रत्येक टाकीजवळ ओटीची बाटली आणि वही ठेवायला आणि दर दोन तासांनी त्यात नोंद करायला लावण्याचा अधिकार त्यांच्याकडे आजच आहे.